दिराची बाजू

'ग्रे कॅरेक्टर' हा शब्द ज्याने मराठी मालिकेत आणला, त्याला महिनाभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायला पाहिजे. मी कोल्हापूरच्या कोर्टात तीस वर्षं लघुलेखक होतो. जजसाहेब सांगतील तशी साक्ष टाइप करायची, हे माझं काम. खरं बोलणारी आणि धडधडीत खोटं बोलणारी, दोन्ही माणसं माझ्या बोटांखालून गेली आहेत. अधलीमधलीही पुष्कळ असायची. पण निकाल द्यायची वेळ आली की अधलंमधलं म्हणून भागत नाही.

निवृत्त झालो आणि कसबा बावड्यातल्या घरात बायकोच्या पायात पायात यायला लागलो. तेवढ्यात शहराबाहेर कोर्टाच्या एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं. त्यांना कोर्टातलं कळणारा माणूस हवा होता, म्हणून मी गेलो. सेटवरचे वकील साक्षीदाराच्या नाकाला नाक लावून ओरडत होते. मी म्हटलं, असं केलं तर जजसाहेब बाहेर काढतील. खऱ्या कोर्टात प्रत्येक वाक्यानंतर साक्षीदाराला थांबावं लागतं, टाइप होईपर्यंत. लेखिकाबाईंना ते फार आवडलं. अजून सांगा म्हणाल्या. खुर्ची काय, चहा काय, 'काका, काका' काय. मी पाघळलो.

शाहूवाडीकडच्या एका वाडीतल्या बाईची केस मी सांगितली. भाताच्या खाचराचा बांध फुटलाय म्हणून दीर तिच्या नवऱ्याला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. अंगावर नवऱ्याचं घोंगडं. त्या घोंगड्याला तिनेच आपल्या लाल लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. भावकी सगळी दिराच्या बाजूला, सासूसुद्धा. ही एकटी उभी राहिली. प्रत्येक वाक्य झालं की माझ्या बोटांकडं बघायची आणि विचारायची, "झालं लिवून, सायब?" दिराला खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि ती अपिलातही टिकली.

मालिकेत ते सगळं आलं, ठिगळासकट. सुरुवातीला नायक वकील तिच्या बाजूने लढत होता आणि मी घरात छाती फुगवून बघत होतो. मग दिराचं काम करणारा नट लोकांना आवडायला लागला. एका आठवड्यात दिराचे डोळे ओले व्हायला लागले. पुढच्या आठवड्यात कळलं की त्याला अडकवायला घोंगडं तिनेच त्याच्या अंगावर टाकलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात वकिलाने कोट झटकून भर कोर्टात बाजू बदलली आणि बाई खोटी ठरली. मागे ढोल बडवत होते. चालू खटल्यात वकील असा उलटला तर त्याची सनद जाईल, पण इथं त्याच्या अंगावर फुलं पडली.

मी सेटवर जाऊन भांडलो. लेखिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तिची बाजू झाली. आता त्याची बाजू नको का दाखवायला?" मी म्हटलं, दिराची बाजू मी स्वतः टाइप केली आहे, बाई. ती सगळी ऐकूनच त्याला शिक्षा झाली. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांना कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. मी तणतणत घरी आलो. आणि दुसऱ्या दिवशी न्यायला गाडी आली तेव्हा निमूट जाऊन बसलो. त्याचा राग मला लेखिकाबाईंवरच्या रागापेक्षा जास्त येतो.

महिन्याभराने ती वाडीतली बाई माझ्या दारात उभी. केस पिकलेले, तरी मी ओळखलं. कोर्टात विचारून तिने माझा पत्ता काढला होता. दीर शिक्षा भोगून वाडीत परत आलाय, म्हणाली. आधी त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. मालिकेतलं ठिगळ बघून वाडीने गोष्ट ओळखली आणि आता त्याला बोलावून चहा पाजतात. हिला मात्र डेअरीत दूध घालायला गेली की बायका हसत विचारतात, घोंगडं कुणी टाकलं गं? "टीव्हीवाल्यास्नी ह्ये कुणी सांगितलं कुणास ठावं. पर म्या काय बोलले ते तुमी लिवलंय की, सायब. येकदा येऊन सांगा सगळ्यास्नी." सांगणारा मीच, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला पाणी दिलं आणि येतो म्हणालो. एवढंच म्हणालो.

निकालाची नक्कल काढून मी वाडीत गेलो. देवळात तीसेक माणसं जमली होती. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि वाचायला लागलो. साक्ष, उलटतपास, घोंगडं, शिक्षा, सगळं. ती खांबाला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर एक म्हातारा मला समजावल्यासारखं म्हणाला, "ते मागचं झालं, पावणं. आता नवं भाईर आलंय न्हवं. वरच्या कोर्टात निकाल फिरतोच की." मी म्हटलं, अहो ती मालिका आहे, ते कोर्ट थर्माकोलचं आहे. माझा आवाज इतका चढला की देवळाबाहेरून जाणारी माणसंही थांबली.

सरपंच इतका वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. ते उठून माझ्याजवळ आले. मालिकेच्या शेवटी येणारी पाटी त्यांनी थांबवून धरली होती. 'न्यायालयीन सल्लागार' आणि खाली माझं नाव, आडनावासकट. "ह्ये तुमीच न्हवं? मग कोर्टातल्या मानसानंच सांगितलंय म्हंजी खोटं कसं आसंल?" पाटीवर माझं नाव येतं हे मी विसरलो नव्हतो. वाडीत ते कोण वाचणार, असं मी धरून चाललो होतो.

मोबाईल हातोहात फिरत तिच्यापर्यंत गेला. तिला वाचता येत नव्हतं, शेजारणीने वाचून दाखवलं. मी घाईघाईने बोलायला लागलो. मी खरं तेच सांगितलं होतं, त्यांनी फिरवलं, मी भांडलोसुद्धा, विचारा हवं तर. तिने माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "मी तुमच्या दारात आल्ते, तवा का गप बसलासा, सायब?"