कांदाचाळवाला इनुस

न्हावऱ्यात आणि आसपासच्या वाड्यांवर ज्या कांदाचाळी उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्या तरी इनुस मुलाणीनं बांधल्या. उन्हाळी कांदा काढला की भाव येईपर्यंत चार-पाच महिने टिकवावा लागतो. त्यासाठी जमिनीपासून दोन फूट उंच, बांबूच्या पट्ट्यांची, खालून-बाजूनं फटी असलेली लांबट चाळ बांधतात. इनुसच्या चाळीत कांदा सडत नाही. हे मी मान्य करतो. त्याच्याबद्दल बाकीचं लिहिताना माझा हात आखडतो.

मी अडतीस वर्षं स्लॅब टाकले. आधी डोक्यावर घमेली, मग सेंट्रिंग, मग स्वतःची टोळी. गावातले एकवीस स्लॅब माझे. एकही गळत नाही. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. इनुसचं घर माझ्या घराला लागून आहे. मध्ये छातीइतकी भिंत. माझं घर स्लॅबचं, त्याचं पत्र्याचं.

इनुसचा बाप शिरूरच्या बाजारात कांद्याची पोती शिवायचा. इनुस बारा वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याकडं लागला. काम काय, तर साठवलेल्या ढिगातून सडका कांदा निवडून फेकणं. सहा वर्षं त्यानं तेच केलं. कुठल्या कोपऱ्यातला आधी सडतो, कुठला टिकतो, हे त्याच्या हाताला कळत गेलं. मग तो चाळी बांधायला लागला. हे शिक्षण स्वस्त नाही. सहा वर्षं त्या वासात उभं राहणं मला जमलं नसतं.

अठरा वर्षांपूर्वी त्यानं घर बांधायला काढलं, तेव्हा मी आपण होऊन म्हणालो होतो, "इनुस, स्लॅब मी टाकून देतो. मजुरीचं मागनं बघू."

तो म्हणाला, "नको आबा. मला पत्राच बरा."

मी कुणाला असं आपण होऊन विचारत नाही. त्याला विचारलं, आणि त्यानं नको म्हटलं. ते मी विसरलो नाही. पत्र्यावर त्यानं वीतभर उंच बांबूची ताटी बांधली, तिच्यावर उसाचं पाचट अंथरलं, आढ्याखाली दोन्हीकडं फट ठेवली. लोक हसले. मीही हसलो. म्हटलं, माणसं ठेवणार का कांदा?

यंदा माझी मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. चैत्र संपत आला होता. तिचं सासर दौंडचं. जावई विक्रम रेल्वेत आहे, त्यांच्या खोलीत एसी आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. मी आतली खोली रंगवून घेतली होती, नवी खाट आणली होती.

पहिल्या दुपारी ती त्या खाटेवर अर्धा तास पडली. उठली तेव्हा गादीवर तिच्या पाठीचा ओला ठसा होता. दुसऱ्या दुपारी माझी बायको झुंबरबाई तिला घेऊन इनुसच्या घरी गेली. तिसऱ्या दुपारी मोनाली एकटीच गेली, उशी घेऊन.

ती उशी मला लागली. पुढं रोज जेवून दोघी मायलेकी तिकडं जायच्या. मी घरात एकटा. भिंतीपलीकडून इनुसच्या बायकोचा, अमीरबीचा आवाज यायचा, मग मोनालीचं हसू. माझ्या घरात ती आल्यापासून हसली नव्हती. इनुसला ती मामा म्हणायची. मामा कशाचा? झुंबरबाईनं त्याला कधी राखी बांधलेली नाही.

मी झुंबरबाईला म्हणालो, "लेक माहेरी आलीय का मुलाण्याच्या घरी?"

"तुमच्या भट्टीत भाजून घ्यायला न्हाई आली," ती म्हणाली. "तुम्ही पन चला की. कोन हाकलतंय?"

मी गेलो नाही. मी कामाला लागलो.

स्लॅब ओतल्यावर त्यावर पाणी साठवून तो पिकवतात. मला तेच माहीत. रोज संध्याकाळी पाच वाजता मी बादल्या वर नेऊ लागलो. एका खेपेला बावीस पायऱ्या. पहिल्या दिवशी एक्केचाळीस बादल्या. गुडघा सुजला. स्लॅबवर पाणी पडलं की वाफ निघायची, तासभर बरं वाटायचं, मग छत पुन्हा आत आग टाकायला लागायचं. दिवसभर प्यालेलं ऊन ते एका तासात सोडत नाही.

मग दौंडहून जुना कूलर आणला. धूळ येते म्हणून खिडक्या लावल्या, दार लावलं आणि कूलर खोलीत मधोमध ठेवला. दोन तासांत भिंती चिकट झाल्या. मोनालीच्या मानेवर घामोळं आलं. ती बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली आणि तोंडानं श्वास घेऊ लागली.

भिंतीपलीकडून इनुस म्हणाला, "आबा, कोंडला की कांदा पन घामेजतो."

मी म्हणालो, "माझी लेक कांदा न्हाई."

"कांद्याचं मी दार उघडं ठेवतो," तो म्हणाला आणि आत गेला.

गुरुवारी मोनालीची सासू सिंधूबाई एसटीनं आल्या. बाई सरळ आहे, पण जीभ धारेची. आतल्या खोलीत दहा मिनिटं बसल्या. पदरानं मान पुसली, वर छताकडं बघितलं.

"हौसराव, पोरीला आठवा सरत आलाय. ती दुपारची निजते कुठं?"

मोनालीच म्हणाली, "इनुसमामांकडं जाते."

"म्हंजी बाळंतपन माहेरी का शेजारी?" सिंधूबाई म्हणाल्या. "शेजारीच करायचं तर दौंडात आमाला बी शेजारी हायेत. रविवारी विक्रम गाडी घेऊन येईल. घर ऱ्हान्याजोगं असलं तर ऱ्हाऊ दे तिला. न्हाई तर मी न्हेनार. राग नका धरू."

मी राग धरला नाही. त्यांचं बरोबर होतं. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक सासरची माणसं परत घेऊन जातात, हे गावात पन्नास वर्षं सांगितलं जातं. आणि हातात तीन दिवस होते.

शुक्रवारी पहाटे मी ओळखीच्या रानातून पाचट आणलं. नऊ मोळ्या. एकेक मोळी पाठीवरून वर नेली. स्लॅबवर सपाट अंथरलं, हातभर जाड, आणि पाणी मारून दाबलं. नऊ वाजता इनुस त्याच्या दारातून बघत होता.

"आबा, हे झाकन झालं," तो म्हणाला. "भाकरीवर टोपलं घालत्यात तसं."

"तू पन पाचटच घातलंयस."

"माझ्या पाचटाखालनं वारा जातो. तुमचं बसलंय स्लॅबवर. दोन दिसांत कुजंल, आन् आतली गरम हवा हाय तिथंच."

मी खाली उतरलो. भिंतीपाशी गेलो.

"मग काय करू, सांग."

तो हसला असता तर मी परत गेलो असतो. तो हसला नाही. चप्पल घालून आला, आतल्या खोलीत उभा राहिला, स्टुलावर चढून छताखाली हात धरला. मग खाली बसून जमिनीलगत हात धरला. सडका कांदा निवडणारा हात तो. मला म्हणाला, "तुम्ही बी धरून बघा."

वर उन्हातल्या तव्यासारखी धग होती. खाली बरं होतं.

"ही वरची हवा अठरा-वीस वर्सं अडकून पडलीय," तो म्हणाला. "तिला जायाला वाट न्हाई. भिताडात बीमच्या खाली भोकं पाडा. वाऱ्याच्या अंगाला आन् त्याच्या समोरच्या अंगाला."

मी आयुष्यात कुठल्या घरात झरोका सोडला नाही. फट म्हणजे गळती, फट म्हणजे आळशी काम, असं मी टोळीतल्या माणसांना शिकवलं. एकवीस घरं मी डब्यासारखी बंद करून दिली. त्या घरांतली माणसं उन्हाळ्यात कुठं निजत असतील, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी छिन्नी-हातोडा काढला. इनुसनं हात पुढं केला.

"नको," मी म्हणालो. "माझ्या भिंतीवर माझाच घाव पडंल. तू खुणा कर."

घर कॉलम-बीमचं आहे, भिंतीवर भार नाही, म्हणून धीर झाला. त्यानं कोळशानं खुणा केल्या. पश्चिमेला आठ, पूर्वेला आठ. एकेक भोक एका विटेचं. सिमेंट मीच कालवलं होतं, त्यामुळं ते सहज सुटेना. एका भोकाला पाऊण तास लागला. शुक्रवारी सहा झाली. शनिवारी पहाटे साडेपाच ते दहा आणि चार ते सात, उरलेली दहा.

तेवढ्या वेळात इनुस वर स्लॅबवर होता. त्यानं सर्जेरावांच्या चाळीसाठी आणलेले बांबू उचलून आणले होते. सर्जेराव बांबू मागायला आले, तर तो म्हणाला, "तुमचा कांदा आठ दिस थांबंल. पोरगी न्हाई थांबायची." स्लॅबवर विटांचे पाये, त्यावर बांबूची ताटी, त्यावर माझंच पाचट सुकवून, काथ्यानं बांधून. मी वर जाऊन बघितलं. ताटीखाली वीत-दीड वीत मोकळं होतं. मी हात घातला तर वारा लागला. एकही गाठ सैल नव्हती. मी शोधली, म्हणून सांगतो.

कूलर त्यानं खिडकीबाहेर टेबलावर ठेवला, तोंड आत, आणि समोरची खिडकी उघडी. "भायरची कोरडी हवा ओली होऊन आत आली पायजे आन् पुढनं गेली पायजे," तो म्हणाला. "मिरगाच्या तोंडाला आभाळ दाटलं की पानी बंद करा, नुसता पंखा. तवा पानी उलटतं." पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुना दिला आणि भोकं मोकळी ठेवून त्यांच्याखाली जुनी बारदानं बांबूवर टांगली.

रविवारी अकरा वाजता विक्रम आला. जेवला. गाडीत पिशव्या ठेवायच्या म्हणून झुंबरबाई बांधाबांध करत होती, डोळे पुसत होती. जावई म्हणाला, "जरा पाठ टेकतो." आतल्या खोलीत खाली चटईवर आडवा झाला.

बाहेर ऊन कडक होतं. मी ओसरीत बसून होतो. दोन वाजले. तीन वाजले. सिंधूबाईंचा फोन आला. मोनालीनं स्पीकरवर घेतला.

"निघाला का गं?"

"न्हाई आई. झोपलेत."

"आजून?"

"घोरतायत. वर चादर घेतलीय."

मग सिंधूबाई म्हणाल्या, "असू दे. उठला की एकट्यालाच पाठव."

मोनालीनं पिशवी सोडून लुगडं परत कपाटात ठेवलं. झुंबरबाई भिंतीपाशी धावली आणि पलीकडं ओरडून अमीरबीला सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. मी तिथंच बसलो होतो.

मोनालीला मुलगी झाली. दवाखान्यातून सहाव्या दिवशी घरी आली आणि त्याच खोलीत राहिली. बघायला येणारे आधी बाळाकडं बघायचे, मग वर भोकांकडं. मोनाली प्रत्येकाला सांगायची, "इनुसमामांनी घर गार करून दिलं." भोकं सोळा आहेत. इनुसनं कोळसा फिरवला, त्याला एक मिनिट लागलं असेल. मी प्रत्येक वेळी सांगत नाही. दोनदा सांगितलं.

माझ्या एकवीस घरांपैकी तिघांनी आता निरोप पाठवलाय. ते इनुसला बोलावतात, खुणा करायला. मला बोलावतात, फोडायला.

बाराव्या दिवशी इनुस आणि अमीरबी बाळाला झबलं घेऊन आले. जेवणं झाली. इनुस भिंतीला टेकला आणि बसल्या बसल्या झोपला, माझ्या घरात, भर दुपारी. बरं वाटलं. अठरा वर्षांपूर्वी नको म्हणालेला माणूस माझ्या स्लॅबखाली निजला होता.

चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भोकातून ऊन आत उतरलं. एक कवडसा इनुसच्या तोंडावर आला. झुंबरबाई उठली, आवाज न करता स्टुलावर चढली आणि त्या भोकात बारदानाचा तुकडा खोचला.

शेजारच्या भोकातला कवडसा माझ्या डोळ्यांवर होता. मी थोडा सरकून बसलो.