रविवारची जीप

कामशेतहून पवनानगरला जाणारी ती जीप मला एकदाच मिळाली, तीही चुकून. रविवार होता. हात केला, जीप थांबली, मी आत शिरलो. आत टाळ वाजत होते आणि एका आजींच्या मांडीवर ढोलकी होती. भजन समजून मीही टाळ्या धरल्या. येशूचं नाव आलं तेव्हा उलगडा झाला.

ड्रायव्हर पन्नाशीचा. वळणावर हॉर्न द्यायचा तोही तालात.

"प्रार्थना माझ्या घरीच व्हायची, भाऊ," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "बाटवाबाटवी चालती म्हनून तक्रार झाली. पोलीस आलं. घरात धा मानसं बसली की जमाव व्हतो, जीपमदी बसली की शिटा व्हत्यात. जीपमदी धा बसल्याची तक्रार मावळात कोन करतंय?"

सगळी जीप खदखदून हसली.

पुढच्या फाट्यावर एका तरुणाने हात केला. गाणं थांबलं. "ह्योच त्यो तक्रारवाला," आजी माझ्या कानात पुटपुटल्या. मला वाटलं, आता जीप सुसाट सुटणार. ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

"सरका जरा, एक सीट बसतंय."

हात दिसला की थांबायचं, ही सवय त्याच्या श्रद्धेची की धंद्याची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही सरकलो. तरुण अंग चोरून आजींशेजारी बसला. दाटीत ढोलकी अर्धी त्याच्या मांडीवर आली.

"धर रं बाळा, घसरती," आजी म्हणाल्या आणि वाजवू लागल्या.

पवनानगर येईपर्यंत त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.