पाण्याखालचा बांध

बारामतीच्या कॉलेजात मी राजकीय भूगोल शिकवते. दरवर्षी वर्ग सुरू झाले की फळ्यावर तेच शब्द लिहिते: भूभाग, लोकसंख्या, शासन, सार्वभौमत्व. यातलं एक जरी नसलं तरी राज्य उभं राहत नाही, असं सांगते आणि मुलं खाली मान घालून उतरवून घेतात. मग सीमेचा धडा येतो. तिची व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली तरी चुकायची नाही. पण अलीकडे हा धडा आला की मी उगीच पोरांवर खेकसते. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, मला कोणता बांध दिसतो ते.

तो बांध इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा आमचं गाव बुडालं, जमिनी सरकारजमा झाल्या आणि माणसं वर माळावर नव्या गावठाणात गेली. तात्या, म्हणजे माझे वडील, अजून तिथंच भावाकडे असतात. त्यांच्या वावराला लागून ज्यांचं वावर होतं, ते भाईचाचा मात्र बारामतीला आले आणि त्यांनी मोटारी-पाइपांचं दुकान टाकलं. मी जन्मल्यापासून हे दोघे भांडताना आणि एका ताटात जेवताना पाहिलेत.

शिमगा झाला की धरणाचं पाणी मागे हटतं आणि बुडालेली जमीन काही महिन्यांपुरती वर येते. कायद्याने ती सरकारची. पण त्या ओल्या गाळात मका, कलिंगडं, काकड्या अशा काही येतात की विचारू नका. त्यामुळे जुने मालक खाली उतरतात, आणि ज्याने त्याने आपलं जुनं वावर धरावं असा रिवाज पडला आहे. कागद कोणाकडेच नाही. शेजाऱ्याने ‘हे तुझं’ म्हटलं, की ते तुझं. माझ्या विषयात याला मान्यता म्हणतात आणि परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते.

अडचण एवढीच, की गाळ सगळे बांध गिळतो. म्हणून दरसाल पाणी हटल्याचा भावाचा फोन आला की मी भाईचाचांना दुकानातून गाडीत घालून न्यायची. तात्या उघड्या पडलेल्या देवळाच्या शिखराकडे बघत पावलं टाकायचे. भाईचाचा पलीकडच्या पडक्या विहिरीपासून चालत यायचे. जिथं दोघे भेटतील तिथं बांध. मग तात्या दगड मांडायचे आणि मोठ्याने विचारायचे, “बरोबर हाय का?”

भाईचाचांनी “न्हाय” म्हणायचं, हा नेम. पहिल्या फटक्यात “व्हय” म्हणणं म्हणजे आपला हक्क सोडून देणं. तात्या कुरकुरत दगड सरकवायचे, पुन्हा विचारायचे, पुन्हा “न्हाय”. एकदा मी वैतागून म्हटलं, मोजपट्टी आणू का? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी जेवणाच्या पंगतीत चप्पल घालून आले होते. शेवटी भाईचाचा “आता व्हय” म्हणायचे, आणि आम्ही त्याच दगडांवर बसून आईने दिलेल्या भाकरी खायचो. भाईचाचा हौसेने काकडीच्या बिया टोचून जायचे. पुढची राखण तात्याच करायचे आणि काकड्यांचं पोतं बारामतीला पाठवायचे, वर निरोप, “भाईला म्हणावं, तुज्या काकड्या कडूच निघाल्या.”

दोन म्हाताऱ्यांचं हे राज्य मला फार आवडायचं. वर्षातले बरेच महिने त्याला भूभागच नसायचा.

मग ते उन्हाचं वर्ष आलं. गाळ नुसता तापला होता. तात्यांनी दगड मांडले. “न्हाय,” भाईचाचा म्हणाले, “लई आत आलाय, तात्या.” तात्यांनी दगड हलवले. पुन्हा “न्हाय”. असं होत होत तात्यांचं डोकं फिरलं. हातातला दगड आपटून ते म्हणाले, “तुजी कसली हद्द रं भाई? पाणी यायच्या आदीच गाव सोडून पळालास. पळून गेल्याला बांध नसतो.”

भाईचाचांचं सामान तेव्हा बैलगाडीत भरायला तात्याच गेले होते. हे दोघांनाही माहीत होतं.

भाईचाचांनी दगडांकडे पाहिलं. मग म्हणाले, “व्हय. बरोबर हाय.” धोतराला लागलेला गाळ झटकला आणि गाडीकडे चालू लागले. भाकरी तशाच फडक्यात राहिल्या.

पुढच्या वर्षी मी दुकानापुढे गाडी उभी केली. “गुडगं चालंनात, बाई,” ते म्हणाले, “तू जाऊन ये. तात्याला सांग, काय मांडायचं ते मांड म्हणावं.” मी निरोप जसाच्या तसा दिला. तात्यांनी त्या साली दगडच मांडले नाहीत. भाईचाचांची पट्टी नांगरलीही नाही. “येईल की. न येऊन जातोय कुठं?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच चला दुकानात, चहा घेऊन येऊ. तर म्हणे, “त्यानं यायचं. बांध हितं हाय.” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच.

त्याच पावसाळ्यात भाईचाचा गेले. भावाने तात्यांना मोटारसायकलवर आणलं. पण बारामतीला यायच्या आधी तात्या त्याला खाली पाण्याच्या कडेला घेऊन गेले होते. कबरीत टाकायला त्यांना बांधावरची मूठभर माती हवी होती. धरण भरलेलं. वावरावर पाणीच पाणी. ते रिकाम्या हाताने आले, आणि कब्रस्तानातली माती सगळ्यांसारखी मुठीत घेऊन टाकली. मला त्या दिवशी धरणाचा राग आला, तात्यांचा आला, आणि भाईचाचांचाही आला. एकदा ओरडून “न्हाय” म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

यंदा पाणी हटलं तेव्हा तात्यांनीच फोन केला. मी एकटी गेले. त्यांनी शिखराकडे बघून पावलं टाकली, मग काठी टेकत विहिरीकडे गेले आणि तिथून भाईचाचांची पावलंही स्वतःच टाकली. दगड मांडले, अगदी भाईचाचा म्हणायचे तिथं. नंतर आणखी आत, आपल्याच वावरात सरकवले. गावठाणातला एक जण वरून जाताना म्हणाला, “तात्या, ती पट्टी मोकळीच हाय, मी मका टाकू का?”

“मोकळी न्हाय,” तात्या म्हणाले. “भाईची हाय.”

तो गेल्यावर ते आपल्या बाजूला ताठ उभे राहिले आणि मोठ्याने विचारलं, “बरोबर हाय का?”

पलीकडे नुसता भेगाळलेला गाळ होता. तात्या वाट बघत राहिले. मला ते बघवेना. मी दगड ओलांडून भाईचाचांच्या वावरात गेले आणि म्हटलं, “न्हाय, तात्या. अजून आत घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

“तू हिकडं ये,” ते म्हणाले. “ते तुजं सांगणं न्हाय.”

मी परत आले. तात्यांनी वाकून एक दगड उचलला, आणखी थोडा आत ठेवला, आणि पुन्हा विचारलं.