संत्र्याच्या सालींचं पाणी

माझी आई अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात सफाईचं काम करायची. काम सुटल्यावरही तिचा हात थांबला नाही. तिच्या घरची फरशी अशी लख्ख असायची, की आलेला माणूस पाय ठेवताना जरा बिचकायचा. त्या भागातलं बोअरचं पाणी खारं. नळावर, मोरीत पांढरे थर चढतात. आई ते अ‍ॅसिडनं काढायची. एका दिवाळीच्या आधी तिनं मोरीत अ‍ॅसिड ओतलं, डाग जाईना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली आणि दार लावून घासत बसली. भावानं तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता.

आई वाचली, पण छाती नाजूक झाली. अ‍ॅसिड, फिनाइल, कोणताच उग्र वास आता चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तिला अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले. घरातल्या सगळ्या बाटल्या काढून टाकल्या आणि साध्या पाण्यानं पोछा मारायला लागले. आई दिवाणावर बसून बघायची.

"हे काय पुसणं होय? वासच नाही आला तं साफ झालं कसं म्हणाव?"

मी तिच्या हातात फडकं देत नव्हते, याचा तिला जास्त राग होता. एकदा म्हणाली, "मले काही करूच देत नाही तू. मी काय हार घातलेल्या फोटोतली बाई आहो?"

ते मला लागलं. माझा शिलाईचा धंदा, औषधपाण्यातलं मला काही कळत नाही. पण आमच्या बचत गटातली एक बाई फरशी पुसायला संत्र्याच्या सालींचं पाणी करायची, ते मला आठवलं. मोर्शीहून नणंदेनं संत्र्यांची पेटी पाठवली होतीच. साली, गूळ आणि पाणी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं आणि झाकण गच्च लावून कोपऱ्यात ठेवलं. काही दिवसांनी आत साचलेल्या वायूनं भरदुपारी कॅन फुटला. भिंत, पडदा, शिवायला आलेला एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज, सगळ्यावर आंबट पाणी उडालं. आई इतकी हसली, की मी तिच्या छातीवर हात ठेवून थांबले. पण खोकला आला नाही.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "आता झाकणाकडे मी पायतो."

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती झाकण सैल करून आतली हवा सोडायची आणि पुन्हा लावायची. वास घेऊन सांगायची, अजून कच्चं आहे. तीनेक महिन्यांनी ते पाणी पिवळसर झालं, आंबूस-गोड वास यायला लागला. दरम्यान मी रिठे भिजवून, उकळून त्यांचं फेसाळ पाणी गाळून ठेवलं. नळावरच्या पांढऱ्या थरासाठी किराण्यातून लिंबूसत आणलं, गरम पाण्यात विरघळवलं आणि त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवलं. तासाभरानं आईनं फडकं सोडलं, अंगठ्यानं नळ घासला. थर सुटून आला. मग तिनं बादलीत सालींचं पाणी आणि रिठ्याचं पाणी घातलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघर पुसायला घेतलं. मी मशीन थांबवून तिच्या श्वासाकडे कान लावून बसले. सगळं घर पुसून ती उठली तेव्हा घामेजली होती, पण श्वास सरळ चालला होता.

"चिकट नाही राह्यलं," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे मोठीच शाबासकी.

उन्हाळ्यात ती हट्टानं अकोल्याला परत गेली, दोन कॅन घेऊन. पुढे मी भेटायला गेले, तर ओट्यावर तिच्यासोबत काम केलेल्या चार-पाच बाया बसल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "दवाखान्यातलं औषध दवाखान्यात, तिथं ते लागतेच. घरी हे वापरा. अन् अ‍ॅसिडमंदी ब्लीचिंग कधीच टाकू नका. माह्यी गत झाली, तुमची नोको व्हाले."

एकीनं विचारलं, "हे तुमाले कोणं शिकवलं, मावशी?"

"माह्या पोरीनं," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "पह्यला कॅन फोडला तिनं. पण सोडलं नाही."

मी पायरीवर पिशवी घेऊन तशीच उभी होते. इतक्या बायांचे ब्लाऊज शिवले, नीट बसला असं कित्येकींनी सांगितलं. पण त्या दिवशी ऊर भरून आला तसा कधी आला नव्हता. आई कॅनचं झाकण उघडून एकेकीच्या नाकाशी धरत होती, आणि त्या सगळ्या मान डोलवत होत्या.