मॉस्कोच्या ट्राममधली रांग

भिजलेल्या घोंगड्याचा वास आला की मला मॉस्कोची ट्राम आठवते. मोठा दुष्काळ सरल्यावर आमच्या उमरग्याकडच्या लोकर सोसायटीनं म्हाताऱ्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, आणि मला तिकडचं लोकरीचं काम बघायला धाडलं होतं. एका सकाळी आम्ही दोघंच हिंडायला निघालो. ट्राममध्ये ओल्या लोकरी कोटांची दाटी होती आणि कंडक्टर कुठंच नव्हता. विनातिकीट धरलं तर गावाची अब्रू जाईल, या धास्तीनं मी नाणी मुठीत धरून कंडक्टर शोधू लागले. तेवढ्यात मागच्या बाईनं अध्यक्षांच्या हातावर नाणी ठेवली. ते ताडकन म्हणाले, "न्हाय बाई, आमी मागायला आलो न्हाय!" बाई हसून पुढं बोट दाखवत राहिली. तिकडं नाणी टाकून आपणच तिकीट फाडून घ्यायची पेटी होती, आणि सगळ्यांची नाणी या हातातून त्या हातात तिथंच चालली होती. मला एकदम दुष्काळी कामावरची आमची रांग दिसली. "अण्णा, तळ्यावर मातीच्या पाट्या देत होतो, तसं पुढं द्या!" म्हणत मी आमचीही नाणी त्या रांगेत सोडली. दोन तिकिटं परक्या हातांतून फिरत माझ्या हातात आली, तेव्हा मी ट्रामभर ऐकू जाईल अशी हसले. आमचा थांबा कधीच मागं पडला होता, तरी अण्णा मुकादमासारखे लोकांची नाणी पुढं धाडत होते. आता मीही म्हातारी झाले, पण घोंगडं भिजलं की त्यांची ट्राममधली हाळी अजून कानात घुमते, "चला, हात चालवा!"