निर्मलाला काय सांगायचं होतं

एक माणूस सोडलं, तर हे कोणालाच माहीत नाही. आणि ते माणूस आता राहिलं नाही. त्यामुळे तोंडातून हे पहिल्यांदाच काढतोय – कुठून सुरू करायचं तेही धड कळत नाही. जरा सांभाळून घ्या, असं म्हणणार होतो. नको. सांभाळून घेऊ नका.

आम्ही मूळचे मूर्तिजापूरचे. मी रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीला होतो. बदल्या होत होत जयपूरला आलो आणि इथलाच झालो. झोटवाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. घरात मी, बायको निर्मला आणि एकुलती एक लेक शीतल. शीतल इथंच वाढली, म्हणून तिची मराठी अर्धी हिंदी. 'मतलब' आल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नाही. सकाळी आम्ही पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी आजही म्हणतो. बाकीच्यांपेक्षा जरा भरभर म्हणतो, एवढंच.

पोरीला मुंगळ्यांचं वेड. आईची नेलपॉलिश घ्यायची, टाचणीच्या टोकाने एकेका मुंगळ्याच्या पाठीवर ठिपका द्यायचा आणि गच्चीवर बसून बघत राहायचं – लाल ठिपकेवाला कुठं जातो, गुलाबी त्याच्या मागे जातो की नाही. शेजारीण एकदा निर्मलाला म्हणाली, "भाभीजी, लड़की ठीक तो है?" निर्मला नुसती हसली. ती स्वतः दहावीला पहिल्या वर्गात आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं माझ्याशी लग्न लावून घरचे मोकळे झाले. पोरगी कुठं थांबणार नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं असावं. मी फक्त हो म्हणत गेलो. चारचौघांत बोलायला मात्र मीच पुढे. "आमची शीतल डॉक्टर होणार, सुईवाली नाही, संशोधनवाली." किती जणांना सांगितलं असेल!

शीतलनं एमएससी केली, देशपातळीवरची परीक्षा काढली, चार ठिकाणी मुलाखती दिल्या. मग सुरू झालं वाट बघणं. तुम्ही कधी घरात निकालाची वाट बघणारं पोर पाहिलंय? जेवताना एक डोळा फोनवर. भाजीत मीठ नाही, हेही कळत नाही. उन्हाळा लागता लागता एका संस्थेचं उत्तर आलं. पीएचडीची जागा मिळाली होती, काम पिकांवरच्या बुरशीचं. दक्षिणेत दुसरी एक संस्था होती, तिथं मुंग्यांवर काम चालतं. तिथं तिचं नाव वेटिंग लिस्टमध्ये होतं, अगदी वर.

हातातली जागा घ्यायची की सोडायची, हे ठरलेल्या तारखेच्या आत कळवायचं होतं. घरात दुसरा विषयच नव्हता. शेवटी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्हीच सांगा. मतलब, बुरशी पण वाईट नाही."

"तुला काय पाहिजे?"

"मुंग्या."

"मग सोड ती बुरशी. अगं, आपण रेल्वेची माणसं. वेटिंगमध्ये पहिला नंबर म्हणजे तिकीट कन्फर्मच समज."

तिनं सोडली. मी सांगितलं म्हणून सोडली – हे ध्यानात असू द्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळचे पोहे करता करता, निर्मला ओट्यापाशी कोसळली. उजवं अंग गेलं. वाचा गेली. ऐकू मात्र सगळं यायचं, आणि कळायचंही सगळं. डॉक्टरांनी आम्हाला तेवढं बजावून सांगितलं होतं – त्यांच्यासमोर काही बोलताना विचार करा, त्यांना समजतंय.

दवाखान्यातून घरी आणल्यावर सगळं शीतलनं अंगावर घेतलं. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, व्यायाम. आणि मी? मी कामावर जायचो. सुट्टीच्या दिवशीही काहीतरी निमित्त काढून खाली उतरायचो. मला जमायचं नाही. खरं सांगू? मला किळस यायची. जिच्या हातचं आयुष्यभर खाल्लं, तिचं अंग पुसायला मला किळस यायची. शीतल गेली तर हे सगळं मला करावं लागेल, याची मला भीती होती. मनातल्या मनात म्हणायचो, लागू नये नंबर. ज्या तोंडानं सोड म्हणालो होतो, त्याच तोंडानं. पण मनात असणं वेगळं. नाही का?

जुलैतली गोष्ट. माझी सुट्टी होती. शीतल आईची औषधं आणायला खाली गेली होती, फोन फ्रीजवर चार्जिंगला लावून. फोन वाजला. वाजू दिला. परत वाजला, तेव्हा उचलला.

बाईंचा आवाज होता. आधी इंग्रजीत बोलल्या, मग माझं ऐकून हिंदीत. दक्षिणेतल्या त्या संस्थेतून. एका मुलानं जागा सोडली होती, शीतलचं नाव पुढं होतं. मेल पाठवायच्या आधी विचारून घेतोय, संध्याकाळपर्यंत कळवलं तरी चालेल, असं म्हणाल्या. वर आपणहून म्हणाल्या, "बहुत अच्छा इंटरव्यू था उसका. सर को आज भी याद है."

मी काय करायला हवं होतं? जिन्यातून हाक मारली असती तरी पोरीला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ती होती.

मी म्हणालो, "उसने दूसरी जगह ले लिया है, मैडम."

"अच्छा? पक्का?"

"जी. पक्का."

"चलिए, कोई बात नहीं. हमारी तरफ़ से उसे बधाई दीजिएगा."

मी थँक्यू म्हणालो. फोन ठेवला आणि मग, एवढी अक्कल मला होती, फोनमधून तो नंबर पुसून टाकला. परत चार्जिंगला लावला, वायर होती तशी ठेवली.

मागे वळलो तर निर्मला माझ्याकडे बघत होती. कूलरची हवा लागावी म्हणून तिची खाट आम्ही बाहेरच्या खोलीतच टाकली होती. तिला विसरलो होतो, असं म्हटलं तर तुमचा विश्वास बसेल? ती खाटेवर असते आणि बोलत नाही, याची मला इतकी सवय झाली होती. ती रागावलेली दिसत नव्हती. तिला आधी नीट कळलं नसावं – म्हणजे ऐकलेलं कळलं, पण ते मी बोललो हे कळत नसावं. तशी बघत होती.

शीतल आली. औषधांची पिशवी ठेवली, सवयीनं फोन बघितला. काही नव्हतं.

आता इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. मीही बरीच वर्षं स्वतःला एवढंच सांगत आलो – एक फोन, एक खोटं, तेही घाबरून. पण तेवढ्यावर भागलं असतं, तर मी आज हे सांगायला बसलो नसतो.

त्या संध्याकाळी निर्मलानं बोलायचा प्रयत्न केला. डावा हात उचलून फ्रीजकडे करायची आणि घशातून "फो… फो…" असा आवाज काढायची. मान घामानं भिजली होती. शीतल धावत आली. "काय, आई? काय पाहिजे?" परत तेच – हात आणि "फो". शीतलला उलगडेना. तिनं माझ्याकडे बघितलं.

"फ्रीजमधलं पाणी मागतेय," मी म्हणालो.

शीतलनं गार पाणी आणलं, चमच्यानं तोंडाशी धरलं. निर्मलानं ओठ घट्ट मिटले. पाणी गळ्यावरून उशीत गेलं. तिचे डोळे माझ्यावर होते. "पी ना आई, आत्ताच तर मागत होतीस," शीतल म्हणत राहिली.

हे रोज व्हायला लागलं. पोरगी शास्त्राची विद्यार्थिनी, ती थोडीच गप्प बसणार? एक दिवस पुठ्ठा घेऊन आली. त्यावर मोठ्या अक्षरांत क, ख, ग सगळं लिहिलं, काना-मात्रा वेगळ्या लिहिल्या. इथं हिंदी शाळेत शिकलेलं तिचं ते गोल-गोल अक्षर. आईच्या डाव्या हाताचं बोट धरून म्हणाली, "आई, आता तू अक्षर दाखव. मी जोडते. बाबा, बघा तुम्ही, आता आई बोलणार!" निर्मलाचा चेहरा – तो मी सांगू शकत नाही. आजारी पडल्यापासून तसा चेहरा मी पाहिला नव्हता. तिचं बोट थरथरत उचललं गेलं आणि पुठ्ठ्यावर आलं. 'फ'वर आलं. मग काना शोधायला सरकलं. मला वाटलं, आता संपलं.

पण हात दमला, खाली पडला. शीतल म्हणाली, "राहू दे, उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी शीतल आंघोळीला गेल्यावर मी तो पुठ्ठा उचलला आणि कपाटावर, गाद्यांच्या मागे टाकला. ती बाहेर आली तेव्हा सांगितलं की डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, डोक्याला असा ताण द्यायचा नाही, दुसरा झटका येऊ शकतो. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी फोनही केला नव्हता. शीतल घाबरली. रडली. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "सॉरी आई. मला माहीत नव्हतं."

निर्मलानं हे सगळं ऐकलं. कळत होतं ना तिला.

त्यानंतर ती बोलायचा प्रयत्न करायची थांबली. माझ्या हातचा घास घ्यायची नाही. मी चमचा नेला की मान भिंतीकडे. मग मी भरवणंच सोडलं. म्हणजे ज्याला मी भ्यालो होतो, ते काम शेवटपर्यंत माझ्या वाट्याला आलंच नाही. शीतल तिलाच दटावायची – "आई, बाबांनी काय केलंय? त्यांच्यावर कशाला चिडतेस?"

मला रोज संधी होती. एक वाक्य पुरे होतं. शीतलला नाही, तर निदान निर्मलाजवळ बसून, तिला एकटीला, 'माझं चुकलं' एवढं तरी. तेही केलं नाही. थंडी सुरू झाली तेव्हा ती गेली. वंदना झाली, माणसं आली, गेली. सगळं उरकल्यावर शीतल खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "बाबा, आईला काहीतरी सांगायचं होतं. राहून गेलं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या संस्थेला तिनं मधल्या काळात एक मेल करून पाहिला होता. यंदाचे प्रवेश पूर्ण झाले, एवढंच उत्तर आलं. पुढच्या वर्षी तिनं परत अर्ज केला, पण मुलाखतीला जाताना ती आधीची शीतल नव्हती. परत आली आणि म्हणाली, "मला सुचलंच नाही काही. मागच्या वेळी पण त्यांना मी नकोच होते ना." त्यानंतर कुठं अर्ज केला नाही. मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांना एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. चांगली शिकवते म्हणतात. गच्चीवर आता फक्त कपडे वाळत घालायला जाते.

एकदा मला चहा देताना म्हणाली, "बाबा, एका परीनं बरंच झालं. नंबर लागला असता तर आईला सोडून जावं लागलं असतं. मतलब, शेवटी तिच्याजवळ तरी राहिले." मला बरं वाटावं म्हणून बोलली. मी कप तोंडाला लावला.

का सांगत नाही? सांगितलं तर ती निघून जाईल, आणि मी या दोन खोल्यांत एकटा राहीन. हे कारण म्हणून देत नाही. आहे ते असं आहे.

परवाची गोष्ट. रविवार होता. शीतल आतल्या खोलीत मुलांच्या शंका ऑनलाइन सोडवत बसली होती. मी बाहेर वाटाणे सोलत होतो. एका मुलीनं तिला विचारलं, "मैम, आपने पीएचडी क्यों नहीं की?"

शीतल हसली. "कोशिश की थी, बेटा. वेटिंग में थी. पर उन्हें मुझसे अच्छे लोग मिल गए." मग म्हणाली, "चलो, किडनी का डायग्राम खोलो."

आमच्या दोन खोल्यांमध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. मी पुढची शेंग उचलली आणि सोलली.