हिराबाईंनी विचारलेलं नाव

घाट उतरताना बसमध्ये गरम, दमट वारा शिरला आणि साताऱ्याचा मे मागे राहिल्याचं अंगाला आधी कळलं. प्रबळगडाचा डोंगर दिसला, कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली, आणि पनवेल आलं.

स्टँडवर मुक्ता, माझी लेक, उभी होती. ती इथे नोकरी करते. तुळशीच्या लग्नानंतर तिचं उरणच्या निलेशशी लग्न आहे. तो आगरी (भातशेती आणि मिठागरं कसणाऱ्या समाजाचा), आता न्हावा शेवाच्या बंदरात कामाला. त्याच्या घरच्यांना लग्नात धवलारीण (गाण्यांनी लग्नाचे विधी करणारी बाई) हवी होती. मी मात्र 'साधं, रजिस्टर लग्न' धरून बसलो होतो. खरं सांगतो, साधेपणा वगैरे काही नव्हतं. मुक्ताची आई गेल्यापासून मांडवातली तिची रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. लेकीला मी ते तत्त्व म्हणून सांगितलं. तिने ते लगेच खरं मानलं, ते जास्त बोचत होतं.

संध्याकाळी तळ्याकाठच्या उन्हाळी कला महोत्सवाला गेलो. आधी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, वर ताडगोळे. एका ताडगोळ्याचं पाणी थेट माझ्या शर्टावर उडालं.

"बाबा, पनवेलने शिक्का मारला!" मुक्ता हसली.

चित्रांच्या मांडवात एका चिमुरडीने कंटेनरला खिडक्या आणि पडदे काढले होते. आत कोण राहतं, विचारलं, तर म्हणाली, "अजून ठरलं नाही."

शेवटी धवले, म्हणजे धवलारिणीची लग्नगाणी. रंगमंचावर हिराबाई नावाच्या धवलारीण तांदळाच्या पिठाचा चौक काढून बसल्या होत्या.

"कोनाचं लगीन हाय?" त्यांनी निवेदकाला विचारलं.

"लग्न नाही मावशी, नुसतं गाऊन दाखवायचंय."

"मंग नाव कोनाचं घालू? तुजं?"

मैदान हसलं. निवेदकाने प्रेक्षकांकडे नाव मागितलं. मुक्ताचा हात वर गेला, माझ्याकडे बघून खाली आला. तो खाली आलेला हात मला बघवेना. मी उठलो.

"माझ्या मुलीचं घाला. मुक्ता."

"बापूस तुमी कं? आयेचं नाव?"

"ती... नाही आता."

"हाय का नाय, ते इचारलंच नाय. नाव सांगा."

"सुमन," मी म्हणालो.

हिराबाई गाऊ लागल्या. सुमनची लेक मुक्ता, सुमनचा मांडव, सुमनच्या हातची हळद. एवढ्या लोकांत ते नाव किती दिवसांनी ऐकत होतो! मुक्ताने माझा हात घट्ट धरला होता. गाणं संपताच हिराबाईंनी बोट रोखलं, "नाव घातलंय आता. लगनात मना सोडून दुसरीला आनलात, तर चौकातच रुसून बसन!"

परतताना मुक्ताने विचारलं, "आणि ते रजिस्टर?"

मी सगळं सांगितलं. ती डोळे पुसत माझ्यावरच चिडली. "आणि मी त्या तत्त्वासाठी निलेशच्या आईशी भांडत बसले होते!"

मग दोघंही हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्याने विचारलं, "पनवेलला काय काढलंत?" एरवी 'काम होतं' म्हणून मी खिडकीबाहेर बघतो.

"लेकीच्या लग्नाची धवलारीण ठरवून आलो," मी म्हणालो. खंबाटकी घाट चढून उतरेपर्यंत त्याला सुमनबद्दल सांगत होतो.